मीरपूरचा विजय आणि ब्यूनोस आयर्सचे प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

४ डिसेंबर २०२२ रोजी ढाका शहरातील मीरपूरच्या मैदानावर भारत आणि बांगलादेश यांच्यात एकदिवसीय सामना झाला. भारताचा डाव १८६ धावांत आटोपला होता, पण उत्तरादाखल खेळणाऱ्या बांगलादेशाची अवस्था ९ बाद १३६ अशी झाल्यावर सामना आपण जिंकल्यातच जमा होता. मग मेहिदी हसन मिराज आणि मुस्तफिझुर रहमान या शेवटच्या जोडीने ५१ धावांची अभेद्य भागीदारी केली, त्यात मिराजचा एक झेल के. एल. राहुलच्या हातून निसटला आणि बांगलादेशाने एक गडी राखून सामना जिंकला. आपल्याकडे त्या संध्याकाळी जी हळहळ व्यक्त झाली, ती आपल्याला ठाऊकच आहे. मात्र त्याच वेळी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनात, ज्यांनी उभ्या आयुष्यात क्रिकेटचे एक षटकही पाहिले नव्हते अशी माणसे या विजयाबद्दल बांगलादेशी मित्रांचे अभिनंदन करत होती. निरनिराळ्या देशांतील क्रीडाप्रेमी एकमेकांशी आपापल्या आवडत्या खेळांबद्दल बोलू लागले म्हणजे काय घडते, याचे मला माहीत असलेले हे सर्वांत बोलके उदाहरण आहे आणि आजच्या भाषणात मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

हे अभिनंदन आकाशातून पडलेले नव्हते. त्या दिवसांत कतारमध्ये फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू होती. २२ नोव्हेंबरला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरवले, तेव्हा त्या संघाची सलग ३६ सामने न हरण्याची मालिका खंडित झाली आणि ब्यूनोस आयर्सइतकीच सुतकी कळा ढाक्यातही पसरली. पुढच्या सामन्यात मेस्सीने मेक्सिकोविरुद्ध गोल केला, तेव्हा ढाक्यात मोठ्या पडद्यासमोर रात्री जमलेल्या हजारो तरुणांनी केलेला जल्लोष जगभर पाहिला गेला. अर्जेंटिनाच्या सामान्य प्रेक्षकाला तोपर्यंत बांगलादेश नकाशावर कोठे आहे, हेही धड सांगता आले नसते. आपल्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून रडणारी आणि नाचणारी ही माणसे कोण आहेत, याचे त्याला अप्रूप वाटले, त्याच्या राष्ट्रीय संघाने या पाठीराख्यांचे जाहीर आभार मानले आणि काही उत्साही अर्जेंटिनी मंडळींनी परतफेड म्हणून बांगलादेशाच्या क्रिकेट संघाला पाठिंबा देण्यासाठी समाजमाध्यमावर एक गट स्थापन केला. थोड्याच दिवसांत त्यात दोन्हीकडचे हजारो लोक आले. स्पॅनिश आणि बंगाली या दोन भाषांमधील सगळा व्यवहार यंत्राच्या भाषांतरावर चालला होता, त्यामुळे तो किती अडखळत चालला असेल याची कल्पना करता येते, पण उत्साहाला त्याची अडचण झाली नाही.

बांगलादेशात अर्जेंटिनाचे वेड आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण १९८६ या वर्षात शोधतात. त्या वर्षी २२ जून रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर डिएगो मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध चार मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. पहिला सरळसरळ हाताने केलेला होता आणि दुसरा निम्मे मैदान कापून, वाटेत आलेल्या प्रत्येकाला चकवून केलेला होता. फॉकलंड बेटांवरून ब्रिटनशी झालेल्या युद्धाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती, त्यामुळे अर्जेंटिनासाठी तो सामना केवळ उपान्त्यपूर्व फेरीचा उरला नव्हता. ज्या बंगालवर इंग्रजांनी दीर्घ काळ राज्य केले, तेथील लोकांनाही या विजयात जुना हिशेब चुकता झाल्याचे समाधान मिळाले, असे पुष्कळ लेखकांनी म्हटले आहे. मला हे स्पष्टीकरण जरा जास्तच सुबक वाटते. इंग्लंडला हरवणारे संघ पुष्कळ होते, पण त्या सर्वांचे झेंडे काही ढाक्याच्या गच्च्यांवर चढले नाहीत. दूरचित्रवाणी संच घरोघरी येऊ लागण्याचा काळ आणि मॅराडोनाच्या बहराचा काळ एकच होता, ही साधी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. एकदा बाप अर्जेंटिनाचा झाला की मुलगाही अर्जेंटिनाचा होतो, किंवा बापाला चिडवण्यासाठी मुद्दाम ब्राझीलचा होतो, आणि मग हे वेड चालू राहण्यासाठी इंग्रजांच्या आठवणीची गरज उरत नाही.

बंगालच्या पूर्व भागात फुटबॉल मुळातच नवा नव्हता, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. १९७१ च्या मुक्तिसंग्रामाच्या काळात स्वाधीन बांगला फुटबॉल दल नावाचा खेळाडूंचा संघ भारतभर हिंडून सामने खेळत होता आणि स्वातंत्र्यलढ्यासाठी पैसा व सहानुभूती मिळवत होता. हा संघ मुंबईतही आला होता आणि त्याच्याविरुद्ध उतरलेल्या महाराष्ट्राच्या संघातून चक्क मन्सूर अली खान पतौडी खेळले होते. भारतीय क्रिकेटचा माजी कर्णधार एका न जन्मलेल्या देशासाठी फुटबॉल खेळला, ही घटना आपल्याकडे जितकी माहीत असायला हवी तितकी नाही. स्वातंत्र्यानंतर ढाक्यात अबाहनी आणि मोहामेडन या दोन क्लबांच्या सामन्यांनी शहर दुभंगत असे. पुढे १९९७ मध्ये आयसीसी करंडक, १९९९ च्या विश्वचषकात पाकिस्तानवर विजय आणि २००० मध्ये कसोटी दर्जा अशा पायऱ्या चढत क्रिकेट पुढे गेले आणि देशी फुटबॉल मागे पडला. बांगलादेशाचा फुटबॉल संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत कधीच पोहोचलेला नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी तेथील फुटबॉलप्रेमाला परक्या घरी पाहुणे जावे लागते.

आता अर्जेंटिनाकडे वळू. तेथील मंडळी क्रिकेटबद्दल जे प्रश्न विचारत होती, ते अगदी प्राथमिक होते: सामना किती वेळ चालतो, बाद म्हणजे नेमके काय, एका बाजूची फलंदाजी संपेपर्यंत दुसऱ्या बाजूने धावा का करायच्या नाहीत. या प्रश्नांत एक गंमत दडलेली आहे. अर्जेंटिनात फुटबॉलचा पहिला सामना २० जून १८६७ रोजी खेळला गेला, त्यात प्रत्येक बाजूला आठ-आठ खेळाडू होते, टॉमस आणि जेम्स हॉग या इंग्रज बंधूंनी त्याची जुळवाजुळव केली होती, आणि त्यासाठी वापरलेले मैदान होते पालेर्मो भागातील ब्यूनोस आयर्स क्रिकेट क्लबचे. म्हणजे ज्या देशाने पुढे मॅराडोना आणि मेस्सी दिले, त्या देशातील फुटबॉलचा पाळणा क्रिकेटच्या हिरवळीवर हलला. रेल्वे आणि बँकांच्या कामासाठी आलेल्या इंग्रजांनी तेथे क्रिकेट चांगले रुजवले होते, इतके की १९१२ मध्ये लॉर्ड हॉक यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या एमसीसी या लंडनच्या प्रतिष्ठित क्रिकेट क्लबच्या संघाला अर्जेंटिनाने एका सामन्यात हरवले होते. परंतु फुटबॉल बंदरावरच्या वस्त्यांत आणि गल्ल्यांत उतरला, तर क्रिकेट इंग्रजी शाळांच्या आणि क्लबांच्या कुंपणाआडच राहिले. २०२२ मध्ये प्रश्न विचारणाऱ्या तरुणाच्या पणजोबांच्या शहरात तो खेळ होता, पण तो त्यांच्यासाठी नव्हता.

या संवादाने माझे लक्ष वेधून घेतले, त्याचे कारण वेगळे आहे. एकच खेळ मानणारे दोन देशांचे लोक एकत्र आले की बोलणे लवकरच आकड्यांवर, फुशारकीवर आणि जुन्या जखमांवर जाते. भारतीय आणि पाकिस्तानी प्रेक्षक क्रिकेटबद्दल बोलू लागले की शारजातील मियांदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार काही मिनिटांतच निघतो, हे आपण सर्व जाणतो. समोरच्याला खेळच माहीत नसेल, तर मात्र फुशारकी मारता येत नाही. खेळ समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगताना आपल्याला तो स्वतःला किती कळला आहे, याची परीक्षा होते. आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन करणारे बाळ ज. पंडित यांच्यासारखे समालोचक हेच तर करत असत: मैदान न दिसणाऱ्या माणसापुढे ते शब्दांनी मैदान उभे करत. एखाद्या अर्जेंटिनी माणसाला पायचीत समजावून पाहा. चेंडू कोठे पडला, पायाला कोठे लागला, फलंदाजाने फटका मारण्याचा प्रयत्न केला होता की नाही, आणि चेंडू न अडता तर यष्टींवर गेला असता का, एवढे सगळे सांगून झाल्यावर तो शांतपणे विचारील की जे घडलेच नाही, त्यावरून पंच निर्णय कसा देतात. या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर असते, पण ते देताना प्रथमच आपल्या लक्षात येते की आपण लहानपणापासून किती विलक्षण गोष्ट निमूटपणे मान्य करत आलो आहोत.

उलट बाजूनेही शिकण्यासारखे पुष्कळ होते. ढाक्यातील पाठीराख्याचा अर्जेंटिना म्हणजे दर चार वर्षांनी महिनाभर दिसणारे अकरा खेळाडू. ब्यूनोस आयर्समधील माणसाचा फुटबॉल मात्र आठवड्या-आठवड्याचा असतो आणि तो राष्ट्रीय संघाचा असण्याआधी आपल्या क्लबचा असतो. बोका ज्युनियर्स आणि रिव्हर प्लेट हे दोन्ही क्लब ला बोका या एकाच बंदरी वस्तीत जन्मले, नंतर रिव्हर शहराच्या उत्तरेकडील सुखवस्तू भागात गेला आणि त्या स्थलांतराची कुरबुर आजही त्यांच्या सामन्यात ऐकू येते. रोसारियोत वाढलेला मेस्सी तेराव्या वर्षीच बार्सिलोनाला गेला आणि अर्जेंटिनातील कोणत्याही क्लबच्या वरिष्ठ संघातून तो खेळलेला नाही. म्हणून तो पुरता आपला आहे का, ही शंका त्याच्या देशबांधवांनी कित्येक वर्षे बाळगली. ढाक्यातील चाहत्याला ही शंका कधी शिवलीही नाही. त्याच्या दृष्टीने मेस्सी म्हणजेच अर्जेंटिना होता. एकाच संघावर प्रेम करणारे हे दोघे खरे तर दोन निरनिराळ्या गोष्टींवर प्रेम करत होते, आणि हे त्यांना एकमेकांशी बोलल्याखेरीज कळले नसते.

या साऱ्याला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अर्जेंटिनाच्या माणसाशी गोडीने बोलणारा बांगलादेशी चाहता शेजारच्या ब्राझीलवाल्याशी तितक्याच गोडीने बोलतो, असे नाही. विश्वचषकाच्या काळात या दोन गटांत हाणामाऱ्या होऊन लोक जखमी झाल्याच्या बातम्या तेथून येत असतात. संघ परदेशी आणि फुटणारी डोकी मात्र गावातलीच, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्रात हे चित्र कोणाला ओळखीचे वाटत असेल, तर ते कोल्हापूरकरांना. विश्वचषक आला की तेथील पेठांमधून ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी यांचे झेंडे आणि खेळाडूंचे भलेमोठे कटआऊट उभे राहतात. पण कोल्हापूर आणि ढाका यांत मला एक फरक दिसतो. कोल्हापूरकराची पहिली निष्ठा आपल्या तालमीच्या संघावर असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ हे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की मेस्सी बाजूला राहतो. त्यामुळे ब्यूनोस आयर्सच्या बोकावाल्याला कोल्हापूरचा पेठकरी कदाचित अधिक लवकर समजेल, कारण वस्ती, तिचा संघ आणि शेजारच्या वस्तीशी असलेले पिढीजात वैर ही तिन्ही प्रकरणे दोघांच्या घरची आहेत. गोव्यातही विश्वचषकाच्या काळात पोर्तुगाल आणि ब्राझील यांचे पाठीराखे असतात, परंतु त्यामागचा इतिहास वेगळा आहे आणि त्यासाठी स्वतंत्र भाषण लागेल.

१८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिनाने पेनल्टींवर फ्रान्सला हरवून विश्वचषक जिंकला. त्याआधीच आठ दिवस ईशान किशनने बांगलादेशाविरुद्ध २१० धावा कुटून आपली हळहळ काहीशी कमी केली होती, पण मालिका बांगलादेशानेच २-१ अशी जिंकली होती. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ढाक्यात येऊन आपला दूतावास पुन्हा उघडला. तो अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीने १९७८ मध्ये बंद केला होता. फुटबॉलच्या चाहत्यांनी दूतावास उघडवला, असे तेव्हा कौतुकाने लिहिले गेले. बांगलादेश अर्जेंटिनाकडून सोयाबीनचे तेल विकत घेतो, हेही त्या कौतुकात कोणी तरी लिहायला हवे होते. सरकारे केवळ प्रेमापोटी इमारती भाड्याने घेत नाहीत. तरीही पंचेचाळीस वर्षे जे काम कोणाला निकडीचे वाटले नाही, ते त्या हिवाळ्यातील जल्लोषानंतर दोन-अडीच महिन्यांत झाले, एवढे श्रेय ढाक्यातील चाहत्यांना द्यायला हरकत नाही.

आता आपल्यावरही असे प्रश्न ऐकण्याची पाळी येणार आहे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात झालेल्या एकमेव सामन्यानंतर क्रिकेट ऑलिंपिकमधून बाहेर पडले, ते २०२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे ट्वेंटी-ट्वेंटीच्या रूपाने परत येत आहे. ज्या देशांत या खेळाचे नावही कानावर पडलेले नाही, तेथील प्रेक्षक तो पाहतील, आणि तुमचा एखादा भाचा किंवा पुतणी त्या शहरात नोकरीला असेल, तर शेजारच्या खुर्चीवरून पहिला प्रश्न तिलाच येईल. तिला तुम्ही फोनवर उत्तरे पढवून ठेवालच, पण पायचीतासाठी वेगळा वेळ राखून ठेवा, कारण ते एका षटकात उरकत नाही. नमस्कार.