इंटरनेट अनेक दिवस बंद राहिले तर

श्रोतेहो, नमस्कार.

इंटरनेट तासाभरासाठी गेले तर आपण वाट पाहतो आणि तेवढे पुरेसे असते. आज बोलायचे आहे ते सेवा अनेक दिवस, कदाचित आठवडाभर बंद राहिली तर छोट्या व्यवसायाने काय करावे याविषयी. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगा या बेटराष्ट्राजवळ ज्वालामुखीचा स्फोट झाला, देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली आणि ती दुरुस्त व्हायला सुमारे पाच आठवडे लागले.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो दुसऱ्या कंपनीची जोडणी घेण्याचा. सल्ला चांगला आहे, पण त्यावर फार विसंबू नये असे मला वाटते. दोन कंपन्यांच्या तारा पुष्कळदा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येतात आणि खोदकामात दोन्ही एकदम तुटतात. म्हणून दुसरी जोडणी घ्यायचीच तर ती मोबाइलची किंवा उपग्रहाची, म्हणजे वेगळ्या वाटेने येणारी असावी. एवढे करूनही अडचण उरते. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीचे जाळे देखभालीच्या कामातील चुकीमुळे कोलमडले, आणि देशातील डेबिट कार्डांची यंत्रणा त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे, ज्या दुकानांचे इंटरनेट दुसऱ्या कंपनीचे होते आणि उत्तम चालू होते, त्यांनाही डेबिट कार्डाने पैसे घेता येईनात.

त्यामुळे खरी तयारी जोडणीची नसून नोंदींची आहे. कोणाकडून किती येणे आहे, कोणाला किती देणे आहे, माल किती शिल्लक आहे, दर काय आहेत आणि कोणाला कोणत्या तारखेचा शब्द दिला आहे, एवढी माहिती हाताशी असेल तर व्यवसाय रखडत का होईना, चालतो. यातला धोका असा की संगणकाच्या पडद्यावर दिसणारी फाइल संगणकात असतेच असे नाही. क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या कंपनीच्या संगणकांवर ठेवलेल्या, अनेक फाइलींचे आपल्याकडे फक्त नाव असते आणि ती उघडताना मजकूर इंटरनेटवरून येतो. म्हणून या नोंदींची प्रत नियमितपणे संगणकावर आणि एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि दरपत्रक, ग्राहकांचे व पुरवठादारांचे फोन नंबर तर सरळ कागदावर छापून ठेवावेत.

बिलांसाठी छापील क्रमांकांचे पुस्तक ठेवावे, मात्र त्या क्रमांकांना संगणकीय बिलांपेक्षा वेगळे अक्षर जोडावे. काही कार्ड मशीन संपर्क नसतानाही व्यवहार साठवून ठेवतात आणि नंतर बँकेकडे पाठवतात. परंतु असा व्यवहार पुढे नाकारला गेला तर नुकसान बहुधा विक्रेत्याचे असते. ही सोय आपल्या मशीनमध्ये आहे का, आणि असल्यास किती रकमेपर्यंत जोखीम घ्यायची, हे आधीच ठरवून कर्मचाऱ्यांना लेखी द्यावे.

कार्यालयातील फोन इंटरनेटवरून चालत असेल तर तोही बंद पडेल, याचा अनेकांना विसर पडतो. उलट, कार्यालयातले संगणक आणि प्रिंटर राउटरने एकमेकांना जोडलेले असतात आणि बाहेरची जोडणी तुटली तरी ते जाळे सहसा चालू राहते. तेव्हा घाबरून राउटर बंद करू नये.

हे सारे पारखायचे असेल तर कमी गर्दीच्या दिवशी अर्धा दिवस इंटरनेटची तार काढून ठेवावी, मोबाइलचा डेटाही बंद करावा आणि कोण कुठे अडते ते लिहून काढावे. कागदावरच्या कोणत्याही आराखड्यापेक्षा ही यादी जास्त उपयोगी पडते.

शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे इंटरनेट परत येण्याचा दिवस. त्या दिवशी सगळेच एकदम नोंदी भरू लागले तर काही बिले दोनदा चढतात आणि काही राहून जातात. कागदी बिले संगणकात भरण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्यावे, तिने क्रमाने नोंद करून प्रत्येक कागदावर खूण करावी, दुसऱ्याने बेरीज ताडून पाहावी, आणि हिशेब जुळेपर्यंत नवी विक्री कागदी पुस्तकातच चालू ठेवावी.