लिनक्सवरचा व्हायरस-तपास आणि अहवालातले शून्य

(पडद्यावर टर्मिनलची काळी खिडकी. फाइलींची नावे वेगाने वर सरकत आहेत.)

लिनक्सच्या डेस्कटॉपवर व्हायरसचा तपास सुरू केला की हेच दृश्य दिसते. हजारो फाइलींची नावे सरकत जातात, जवळजवळ प्रत्येक नावापुढे ‘ओके’ असा शेरा उमटतो आणि शेवटच्या सारांशात बाधित फाइलींची संख्या शून्य असल्याचे कळते. हे शून्य कोणत्या फाइलींबद्दल बोलते आणि कोणत्या फाइली त्याच्या हिशेबात आलेल्याच नसतात, हे आपल्याला पाहायचे आहे.

या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे क्लॅमएव्ही. पोलंडमधील टोमाश कोइम यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, २००७ मध्ये तो सोर्सफायर या कंपनीकडे गेला आणि २०१३ मध्ये सिस्कोने सोर्सफायरच विकत घेतल्यामुळे आज त्याची देखभाल सिस्कोचा टॅलोस हा सुरक्षा-विभाग करतो. त्याचा बोलबाला झाला तो डेस्कटॉपवर नव्हे, तर मेल सर्व्हरवर. सर्व्हर लिनक्सचा असला, तरी त्यावरून जाणारी पत्रे बहुतांशी विंडोजच्या संगणकांवर उघडली जात आणि त्यांना जोडून येणारे व्हायरसही विंडोजसाठीच लिहिलेले असत. क्लॅमएव्हीच्या सिग्नेचरच्या, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांच्या, साठ्यात आजही विंडोजच्या व्हायरसांचा भरणा मोठा आहे, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

लिनक्ससाठी व्हायरस लिहिलेच गेले नाहीत, असे मात्र नाही. १९९६ मध्ये स्टाओग आणि १९९७ मध्ये ब्लिस हे दोन व्हायरस समोर आले होते. त्यांपैकी ब्लिस इतका सभ्य होता, की योग्य तो पर्याय देऊन चालवल्यास तो बाधित फाइली स्वतःच पूर्ववत करून देत असे.

(पडद्यावर अद्ययावत होणारा सिग्नेचरचा साठा.)

तपासाची रीत सरळ आहे. फ्रेशक्लॅम नावाचा प्रोग्राम सिग्नेचरचा साठा ताजा ठेवतो. डेबियन आणि उबुंटूवर तो पार्श्वभूमीत सेवा म्हणून चालू असतो आणि अशा वेळी फ्रेशक्लॅमचा आदेश हाताने दिला, तर लॉग फाइल कुलूपबंद असल्याची तक्रार येते. नवखा वापरकर्ता इथे हमखास गोंधळतो, पण यात बिघाड काहीच नसतो. प्रत्यक्ष तपास क्लॅमस्कॅन करतो. तो प्रत्येक वेळी सिग्नेचरचा संपूर्ण साठा मेमरीत चढवत असल्याने चार ओळींच्या एका फाइलीसाठीही बराच वेळ घेतो. क्लॅमडी ही सेवा तोच साठा मेमरीत कायम ठेवते, त्यामुळे तपास झटपट होतो, मात्र त्यासाठी शेकडो मेगाबाइट मेमरी सतत अडकून राहते आणि जुन्या, कमी रॅमच्या संगणकाला ते जड जाते. शिवाय ही सेवा बहुधा स्वतंत्र वापरकर्त्याच्या नावाने चालते आणि त्या वापरकर्त्याला आपल्या होम फोल्डरमधील खासगी फाइली वाचण्याची परवानगी नसते. अशा वेळी अहवालात त्रुटींची रांग लागते आणि ती न वाचता केवळ शून्याकडे पाहणारा माणूस न तपासलेल्या फाइलींनाही निर्दोष समजून बसतो.

आकाराची मर्यादा याहून अधिक फसवी आहे. क्लॅमएव्हीच्या सध्याच्या आवृत्त्यांत मुळातली मर्यादा प्रत्येक फाइलीमागे १०० मेगाबाइट इतकी आहे. त्याहून मोठी फाइल तपासली जात नाही आणि वेगळा पर्याय दिला नसेल, तर तिच्यापुढेही ‘ओके’ असाच शेरा पडतो. आमच्या मते या सॉफ्टवेअरमधील हा सर्वांत दिशाभूल करणारा शब्द आहे. मर्यादा ओलांडणाऱ्या फाइलींची सूचना मागण्याचा पर्याय उपलब्ध आहे आणि तो लावूनच तपास करणे योग्य ठरते.

याचा अर्थ किती गंभीर असू शकतो, ते २० फेब्रुवारी २०१६ च्या घटनेवरून ध्यानात येते. त्या दिवशी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरलेल्या हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमन या आवृत्तीचा दुवा बदलला आणि तो दुवा वापरणाऱ्यांच्या हाती त्सुनामी नावाचे बॅकडोर, म्हणजे संगणकात शिरण्याचा चोरदरवाजा, घातलेली आयएसओ फाइल (लिनक्स बसवण्यासाठीची डिस्कची प्रतिमा) पडली. अशा गिगाबाइटभर आकाराच्या फाइलीला नेहमीचा तपास स्पर्शही करत नाही. ती पकडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आणि प्रकल्पाची डिजिटल स्वाक्षरी पडताळणे. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या एयूआर या संग्रहात ब्राउझरच्या नावाखाली तीन पॅकेजेस चढवली गेली आणि ती केऑस नावाचा दूरनियंत्रक प्रोग्राम संगणकावर आणून बसवत होती. ती दोन दिवसांत काढून टाकण्यात आली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइलींचा आकार लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दडवलेले बॅकडोर उघडकीस आले, तेही कोणत्या स्कॅनरमुळे नव्हे. एसएसएचने, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला म्हणून ते सापडले. सिग्नेचर तयार होते ती धोका कोणाच्या तरी नजरेस पडल्यानंतरच.

(पडद्यावर पेन ड्राइव्ह, त्यापाठोपाठ मेलची खिडकी.)

मग डेस्कटॉपवर तपास करावा तो कशाचा? संपूर्ण डिस्क रोज चाळण्यात फारसे हशील नाही आणि प्रॉक व सिस या कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) उभ्या केलेल्या आभासी फोल्डरांना तर वगळणेच इष्ट. बाहेरून आलेल्या वस्तू मात्र जरूर तपासाव्यात. झेरॉक्सच्या दुकानातील विंडोजच्या संगणकाला लावून आणलेला पेन ड्राइव्ह आपल्या लिनक्सला बाधणार नाही, पण तोच पुढे कार्यालयातील संगणकाला लावला जातो. डाउनलोडचे फोल्डर आणि वाइनचे फोल्डरही या यादीत येतात, कारण वाइन विंडोजचे प्रोग्राम चालवते आणि मुळातल्या मांडणीत त्याच्या झेड ड्राइव्हमधून लिनक्सची संपूर्ण फाइलव्यवस्था दिसते, म्हणून वाइनमधून चालवलेला विंडोजचा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आपल्या कागदपत्रांपर्यंत पोहोचू शकतो.

मेलचा तपास करताना विशेष सावध राहावे लागते. थंडरबर्ड सामान्यतः इनबॉक्समधील सर्व पत्रे एकाच मोठ्या फाइलीत ठेवतो. त्यातील एखाद्या पत्रावर क्लॅमएव्हीने बनावट डोमेनचा, म्हणजे दुव्यातील संकेतस्थळाचा पत्ता फसवा असल्याचा, संशय घेतला आणि आपण बाधित फाइल काढून टाकण्याचा पर्याय आधीच दिलेला असला, तर त्या एका पत्रापायी संपूर्ण इनबॉक्स नाहीसा होतो. असा संशय पुष्कळदा खोटाही असतो. बँकांची आणि खरेदीच्या संकेतस्थळांची खरीखुरी पत्रेही त्यात सापडतात. त्यामुळे तपासाला केवळ अहवाल देण्याचे काम सोपवावे आणि काढून टाकण्याचा निर्णय स्वतःकडे ठेवावा.

तपास मुळात चालू आहे की नाही, हे पाहण्यासाठी आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल वापरतात. ती पकडली गेली नाही, तर साठा किंवा मांडणी तपासून पाहायला हवी.

संगणकात खरोखरच कोणी शिरल्याची शंका असेल, तर त्याच संगणकाच्या चालू प्रणालीतून केलेल्या तपासावर भिस्त ठेवता येत नाही, कारण रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारा घुसखोर प्रोग्राम, फाइलींची यादीच बदलून दाखवू शकते. अशा वेळी विश्वासू संगणकावर तयार केलेल्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालते अशा) यंत्र सुरू करावे, मूळ डिस्क केवळ वाचनासाठी जोडावी आणि मगच तिचा तपास करावा. प्रणालीच्या फाइलींत शिरकाव झाल्याचे स्पष्ट झाले, तर बाधित फाइल पुसून भागत नाही. कागदपत्रांची प्रत काढून लिनक्स नव्याने बसवावे लागते आणि पासवर्ड व एसएसएचच्या किल्ल्या दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बदलाव्या लागतात.