सात ते साडेआठ: मोहित्यांचे वडगाव

[दृश्य: उसाच्या फडांमधून गावाकडे येणारा रस्ता. दिवेलागणीची वेळ.]

संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग पुन्हा चालू. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं ही रीत १५ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाली. तीन हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. शेती करणारी आणि साखर कारखान्यावर कामाला जाणारी माणसं इथं जास्त.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. ऐपत नसलेल्या आईबापांनीही पोरांच्या हाती फोन दिला. पुढं शाळा उघडल्या, पण फोन काही हातातून सुटेना. वर्गात परतलेली मुलं लिहायला-वाचायला कंटाळतात, शाळेआधी आणि शाळेनंतरही फोनमध्येच असतात, हे शिक्षकांच्या ध्यानात आलं. सरपंच विजय मोहिते यांच्या ग्रामपंचायतीनं फोन बंद ठेवण्याची कल्पना मांडली, तेव्हा पुरुषमंडळींनी ती हसण्यावारी नेली.

मग बायकांची सभा झाली, आणि सूत्रं तिथून हलली. मालिकांमध्ये आणि फोनमध्ये आपलाही वेळ जातो, हे त्यांनी सभेत मोकळेपणानं मान्य केलं. या सगळ्या हकिकतीत मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. पोरांवर ठपका ठेवून उठून जाणं सोपं होतं. त्यांनी नियम आधी स्वतःला लावून घेतला.

[दृश्य: गावातली आळी. ओटे, उघडी दारं.]

सुरुवातीला नुसत्या भोंग्यानं भागलं नाही. ग्रामपंचायतीच्या लोकांना दारोदार फिरून विनवावं लागलं.

पण विचार करा, एकाच घरानं फोन बाजूला ठेवला तर काय होतं? पोरगं विचारतं, सगळे मित्र खेळतायत, मीच का नको? आई ओट्यावर येऊन बसते, पण शेजारीण मालिकेत गुंतलेली. गप्पांना दुसरं माणूसही त्याच घटकेला रिकामं लागतं, आणि फोननं नेमका प्रत्येकाचा रिकामा वेळ वेगळा करून टाकलाय. लोडशेडिंगच्या वर्षांत वीज गेली की अख्खी आळी एकदम अंगणात यायची. तसंच काहीसं या गावानं ठरवून, वीज असताना केलं.

फोनला वैरी ठरवायला मात्र मी तयार नाही, आणि या भागात तर मुळीच नाही. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं हे काम. त्यासाठी माणसं थेट तमिळनाडू-केरळपर्यंत देशभर पांगलेली. गावाकडच्या घराला आधी पत्राची वाट बघावी लागायची, मग एसटीडी बूथवर ताटकळावं लागायचं. मोबाइल आला तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडत; २००३ मध्ये ते थांबलं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि परमुलखात भट्टीपुढं बसणारा बाप आपल्या लेकराचा चेहरा रोज बघू लागला. अशा घरात फोन काढून घेणं म्हणजे बापालाच घराबाहेर काढणं. म्हणून दिवसभराची बंदी न घालता दीड तासाचीच वेळ ठरवणं मला शहाणपणाचं वाटतं.

२०२२ च्याच नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं वेगळी वाट धरली. तिथल्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. काळजी तीच, आणि ती खरीच आहे. तरी मन वडगावच्या बाजूनं झुकतं. जेवताना बाप स्वतः रील बघत असेल, तर पोराच्या हातातला फोन काढून त्या घरात बोलणं कसं सुरू होणार? मुलाला आज शाळेत काय झालं ते सांगायचं असतं, आणि ऐकणारा मान खाली घालून बसलेला असतो.

वडगावच्या नियमात वयाची अट नव्हती. मुलाचा गेम, आईची मालिका आणि बापाचं रील, तिन्ही एकाच भोंग्याला बंद करायची होती.