युद्धाच्या काळात प्रश्न विचारणारे

अध्यक्ष महोदय, मंडळाचे ज्येष्ठ सभासद आणि मित्रहो,

गेल्या आठवड्यात युद्धाच्या बातम्यांवरून आमच्या घरी वाद झाला आणि नातू म्हणाला, "आजोबा, लढाई चालू असताना सरकारला प्रश्न विचारणारे शत्रूच्याच बाजूचे असतात. तुमच्या ग्रुपवरच आलं होतं." तेव्हापासून मी अस्वस्थ आहे, कारण हे वाक्य त्याने इथल्या, परदेशातल्या शाळेतून आणलेले नाही, ते त्याने आपल्याकडून घेतले आहे.

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपण आजही अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावण्याची वेळ का आली, हे आपण मुलांना सांगतो का? २० ऑक्टोबर १९६२ला चीनने हल्ला केल्यानंतर खुद्द काँग्रेसच्या खासदारांनी असा आग्रह धरला की नेहरूंना संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासारख्या निकटच्या सहकाऱ्याला दूर करावे लागले. विरोधकांच्या मागणीवरून, ज्यांत तरुण वाजपेयीही होते, संसदेचे अधिवेशन नियोजित तारखेआधीच, ८ नोव्हेंबरला सुरू झाले. चर्चा बंद दाराआड व्हावी ही सूचना नेहरूंनी नाकारली आणि सीमेवर लढाई संपलेली नसताना, सैन्याच्या अपुऱ्या तयारीवरची कठोर टीका भर सभागृहात ऐकून घेतली. पुढच्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. पण अशी परीक्षा अधूनमधून झालेली चांगली, असे नेहरू उत्तरात म्हणाले. नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या आघाडीवरच्या, चुका जराही कमी न लेखता मी म्हणेन की पराभवाने खचलेल्या त्या नेत्याचा मोठेपणा इथे दिसतो.

"पण आपण हरलो ना?" असे नातवाने विचारले, आणि ते योग्यच होते. मात्र हरण्याची कारणे त्या चर्चेच्या आधीची आहेत. पुरेशी रसद आणि कुमक नसताना चौक्या पुढे नेण्याचे धोरण आखले गेले, तेव्हा सेनाधिकाऱ्यांच्या शंका बाजूला सारल्या गेल्या. प्रश्न विचारले गेले म्हणून नव्हे, तर वेळेवर ऐकले गेले नाहीत म्हणून आपल्या जवानांना ती किंमत मोजावी लागली. ग्रुपवर कोणी एखादी शंका काढली की त्याला देशद्रोही ठरवून मोकळे होणाऱ्या आपल्या मंडळींनी, आणि तिथे गप्प बसणाऱ्या आपण सर्वांनी, याचा विचार करायला हवा.

तरीही त्या संसदेची बाजू मी पूर्ण उजळ मानत नाही. २६ ऑक्टोबरला जाहीर झालेली आणीबाणी, तोफा नोव्हेंबरातच थंडावल्या असूनही, जानेवारी १९६८पर्यंत उठली नाही. आसाम आणि दार्जिलिंग भागातील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यांत भारतातच जन्मलेली मुलेही होती, खटल्याशिवाय राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. काहींची सुटका व्हायला काही वर्षे लागली. मेनन यांना जाब विचारणाऱ्या सभागृहात या माणसांसाठी तसा आवाज उठला नाही.

मित्रहो, इथे आपणही बाहेरून आलेल्यांचीच मुले-नातवंडे आहोत. उद्या या देशावर तशी वेळ आली आणि संशय आपल्या आडनावांवर आला, तर आपल्यासाठी इथल्या सभागृहात कोण उभे राहील? आणि संशय दुसऱ्या कोणावर आला, तर आपल्यातले किती जण त्यांच्यासाठी बोलतील?