माथ्यावरचं पाणी : थेम्स-सेव्हर्न कालव्याची हकिकत

मंडळी, पाणी कसं अडवायचं हे कोल्हापुरात येऊन सांगणं म्हणजे पैलवानाला दंड-बैठका शिकवण्यासारखं आहे. सगळा महाराष्ट्र ज्याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतो, त्याची एकच गोष्ट आठवा. खांबांच्या खाचांत बरग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन ओळी बसवायच्या आणि मधल्या फटीत माती ठासायची. बरगे नुसता आधार देतात, पाणी अडवते ती माती. आज ज्या कालव्याबद्दल बोलायचं आहे, तो अशाच मातीच्या भरवशावर उभा होता आणि तिनंच त्याला दगा दिला.

इंग्लंडमधली थेम्स नदी लंडनवरून पूर्वेला जाते. सेव्हर्न पश्चिमेला ब्रिस्टलच्या खाडीला मिळते. मध्ये कॉट्सवोल्डचे चुनखडीचे डोंगर आहेत. सेव्हर्नकडून स्ट्राउड गावापर्यंतचा छोटा कालवा १७७९ मध्ये झाला होता. तिथून डोंगर ओलांडून थेम्सपर्यंत नाव न्यायची, पश्चिमेकडचा दगडी कोळसा पूर्वेला विकायचा, असा बेत. १७८३ मध्ये संसदेनं कायदा केला आणि नोव्हेंबर १७८९ मध्ये नाव थेम्सला पोचली. लांबी सुमारे ४६ किलोमीटर, लॉक ४४. पश्चिमेकडून २८ लॉक चढायचे, माथ्यावर सुमारे १३ किलोमीटर सपाट जायचं, मग १६ लॉक उतरायचे.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी पेटी. नाव खालून आत आली की खालचं दार लावायचं, वरच्या दाराच्या झडपा उघडायच्या. पेटी भरते, नाव वर उचलली जाते. उतरताना याच्या उलट. यात यंत्र नाही, इंधन नाही. खर्च होतं ते फक्त पाणी. किती? ९० फूट लांब, पावणेतेरा फूट रुंद पेटी आणि ८ फुटांची चढण धरली, तर ९,१८० घनफूट, म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार लिटर. माथा ओलांडणारी प्रत्येक नाव चढताना एक पेटी पाणी पश्चिमेला सोडते आणि उतरताना एक पेटी पूर्वेला. एका नावेमागं सव्वापाच लाख लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत बोलायचं तर बावन्न टँकर. हे सगळं पाणी माथ्यावरचंच लागतं. खालच्या लॉकना वरून आलेलं तेच पाणी पुन्हा पुन्हा कामाला येतं, माथ्याला मात्र वरून देणारं कुणी नसतं.

इथंच मेख आहे. गगनबावड्याच्या धारेवर पडलेला पाऊस एकीकडं कोकणात उतरतो, दुसरीकडं कृष्णेच्या खोऱ्यात. धारेवर नदी नसते, म्हणून तर तिला पाणलोटाची धार म्हणायचं. दोन खोरी जोडणारा कालवा नेमका हीच धार ओलांडतो. स्ट्राउडच्या खोऱ्यातल्या ओढ्यांवर लोकरीच्या गिरण्या चालत. त्यांचे मालक पाण्याचा थेंब सोडायला राजी नव्हते. म्हणून थेम्सच्या उगमाजवळ विहीर खणून आधी पवनचक्कीनं, १७९२ पासून वाफेच्या इंजिनानं पाणी उपसून माथ्यावर घेतलं जाई. पुढं १८५४ मध्ये तिथं आणखी मोठं इंजिन बसवलं. पाणी वाचावं म्हणून काही लॉक आखूडही केले.

आणि एवढ्या कष्टानं चढवलेलं पाणी तळातून निसटत होतं. आपल्याकडं पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्यावर पडलेलं पाणी बघता बघता खाली जिरतं, तसाच हा चुनखडीचा दगड भेगाळ. त्यावर कालवा टिकवायचा तर चिकणमातीचं अस्तर हवं. चिकणमातीत थोडी रेव, बेताचं पाणी; फावड्यानं चिरायची, पायांनी तुडवायची, आपले कुंभार चिखल तुडवतात तशी, आतली हवा निघून ती एकजीव होईपर्यंत. वीतभराचा थर, तो ओला असतानाच त्यावर दुसरा. असे थर चढवून दोन-अडीच फुटांचं अस्तर. काही ठिकाणी गुरं हाकून ते दाबून घेत. पाणी लगेच सोडायचं, कारण अस्तर सुकलं की भेगाळतं आणि भेगाळलेलं अस्तर नुसतं भिजवून पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

कॉट्सवोल्डमध्ये घात खालून झाला. हिवाळ्यात भूजल चढलं की कालव्याच्या तळाखालचे झरे जागे होत आणि अस्तराला खालून धक्का देत; माती फुगून फुटे. तेव्हा नुकसान दिसत नसे, उलट झऱ्याचं पाणी कालव्यातच येई. उन्हाळ्यात भूजल उतरलं की तेच भोक मोरी होई आणि कालव्याचं पाणी खाली गिळून टाकी. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी गळती. बुजवायचं तर तो भाग रिकामा करायचा, नवी माती तुडवायची. तोवर शेजारचं अस्तर सुकून तडे घेणार. गळतीमुळं वाहतूक बंद, वाहतूक बंद म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून दुरुस्ती अर्धवट.

माथ्यावरच्या त्या सपाट टप्प्यात कालवा डोंगराच्या पोटातून जातो, तो सॅपर्टनचा बोगदा हे त्या काळातलं अचाट काम होतं. लांबी ३,८१७ यार्ड, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोमीटर. डोंगरावरून ओळीनं विहिरी खाली सोडायच्या आणि प्रत्येकीच्या तळाशी दोन्ही दिशांना खणत जायचं. तिसरे जॉर्ज राजे १७८८ मध्ये तो मुद्दाम बघायला आले होते. एरवी काठावरून घोडा नाव ओढी, पण आत घोड्यासाठी वाट नाही. खलाशी पाठीवर पडून दोन्ही भिंतींना पाय लावत आणि चालल्यासारखे रेटत नाव पुढं नेत. डोंगरात चुनखडीच्या जोडीला एक खास चिकणमाती होती. पाणी लागलं की ती फुगते. तिनं तळ वर उचलला, अस्तराच्या भिंती ढकलल्या, छत पडलं. एकाच कालव्यात कुठं माती टिकत नाही म्हणून त्रास, कुठं माती फुगते म्हणून त्रास.

स्पर्धेबद्दल थोडक्यात. १८१० मध्ये दक्षिणेला दुसरा जोडकालवा सुरू झाला, १८४५ मध्ये रेल्वे त्याच डोंगरातून गेली. पण या कालव्याचा खरा शत्रू गळती हाच होता, असं मला ठामपणे वाटतं. कारण पुरावा आहे. १९०१ मध्ये काउंटी कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेनं, तो ताब्यात घेतला, माथ्यावरचं अस्तर नव्यानं केलं, १९०४ मध्ये पाणी भरलं. आणि पाणी पुन्हा जाऊ लागलं. १९११ च्या मे महिन्यात शेवटची मालवाहू नाव बोगद्यातून गेली. १९२७ मध्ये पूर्वेचा भाग रीतसर सोडून दिला, १९३३ मध्ये उरलेला.

१९७२ पासून स्वयंसेवक तो परत जिवंत करायला झटताहेत. बोगद्याचं पूर्वेचं दगडी तोंड १९७७ मध्ये दुरुस्त झालं. आत छत पडलेलं आहे. लॉकचे दगड परत रचता येतात, दारं नवी करता येतात आणि ती कामं चालू आहेत. पण त्या दारांना लागणारं माथ्यावरचं पाणी आजही दुसरीकडूनच उचलून आणावं लागणार आहे.