माणूस पाहावा घरादारासकट

नमस्कार श्रोतेहो. कुणी औषध घेत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, की आपण चटकन म्हणतो, ‘हट्टी आहे.’ समाजकार्यात पहिला धडा असतो की माणूस एकटा पाहू नका. त्याचं घर, गल्ली, नाती, कमाई, सगळ्यासकट पाहा. 1917 साली अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी याची पद्धत पुस्तकात मांडली. मुंबईत समाजकार्याचं शिक्षण 1936 पासून मिळतंय.

पण मला एका सुनेबद्दल सांगायचंय. मी मुंबईत एका रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. क्षयाची रुग्ण, पदरात दोन वर्षांचं मूल. कोर्स सहा महिन्यांचा आणि दुसऱ्याच महिन्यात गोळ्या बंद. केसपेपरवर शेरा होता, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’

मी घरी गेले. दहा बाय दहाची खोली, माणसं सात, कोपऱ्यात मोरी. आजाराचं नाव काढलं नाही. सासूबाईंनी चहा ठेवला. गृहभेटीत चहा कधी नाकारू नये, हे माझं ठाम मत आहे. चहा उकळेपर्यंत घरातली माणसं जे बोलतात, ते छापील फॉर्मात मावत नाही. आणि हल्ली गृहभेटी कमी करून फॉर्म वाढवलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

सून गप्पच होती. मी निघाले तेव्हा नळापाशी हळूच म्हणाली, ‘ताई, लघवी लाल होते.’

क्षयाच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधानं लघवी नारिंगी-लाल होते, त्यात धोका नसतो. हे तिला ठाऊक होतं. पण वस्तीतल्या शौचालयाला रात्री कुलूप लागायचं, मग घरातली मोरीच. सासूला रंग दिसला तर आजार कळेल, आपल्याला माहेरी धाडतील, लेकरू ठेवून घेतील, ही तिची भीती. पुन्हा सांगते, सगळं अडलं होतं मोरीपाशी.

मग आम्ही दोघींनी कागदावर तिच्या नात्यांचा नकाशा काढला. इकोमॅप म्हणतात त्याला, अ‍ॅन हार्टमन यांची 1975 सालची पद्धत. घट्ट नात्याला जाड रेघ, ताणाला नागमोडी. जाड रेघ निघाली नणंदेकडे. सुनेच्या संमतीनं नणंदेला विश्वासात घेतलं, नणंदेनं आईला समजावलं. सासूबाईंना धास्ती होती ती नातवाची. त्याची तपासणी झाली, प्रतिबंधक औषध सुरू झालं, सुनेच्या गोळ्याही.

कुलूप राहिलंच होतं. बायकांनी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला, सासूबाईही सोबत गेल्या. महिन्याभरानं शौचालय रात्रीही उघडं राहू लागलं.