कॉरिंथ : दोन लोहमार्गांच्या फुलीवरचे गाव

मिसिसिपी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातील कॉरिंथ हे गाव रेल्वेमुळेच जन्माला आले. पूर्व-पश्चिम जाणारा मेम्फिस अँड चार्ल्स्टन आणि दक्षिणोत्तर जाणारा मोबाइल अँड ओहायो हे दोन लोहमार्ग येथे एकमेकांना छेदत होते, म्हणून १८५० च्या दशकात वस्ती उभी राहिली आणि तिचे पहिले नावही ‘क्रॉस सिटी’ असेच पडले. जंक्शनचे मोल भुसावळ-मनमाडकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. परंतु गुलामगिरीच्या प्रश्नावरून फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये आणि उत्तरेची राज्ये यांच्यात पेटलेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात हेच मोल हजार-दोन हजार वस्तीच्या या गावाच्या मुळावर आले.

एप्रिल १८६२ मध्ये शायलोची लढाई हरलेले दक्षिणेचे सैन्य सुमारे वीस मैलांची चिखलवाट तुडवत येथे परतले. रुळांलगतचे टिशोमिंगो हॉटेल तेव्हा रुग्णालय झाले होते. मोबाइल शहरातून आलेल्या केट कमिंग या परिचारिकेने रोजनिशीत नोंदवले आहे, की रणांगणावरून आणलेले जखमी घरभर आपापल्या घोंगड्यांवर पडून असत आणि त्यांना काही द्यायचे, तर रक्तपाण्याने माखलेल्या जमिनीवर गुडघे टेकावे लागत. पुढे गोळ्यांहून पाण्याने अधिक माणसे निकामी केली. हजारोंची छावणी पोसण्याइतके पाणी गावात नव्हते, जे होते ते दूषित झाले, आणि विषमज्वर व हगवण यांनी सुमारे अठरा हजार सैनिक अंथरुणाला खिळले.

समोरून उत्तरेच्या जनरल हॅलेक यांचे लाखाहून अधिक सैन्य, रोज थोडे पुढे सरकून लगेच खंदक खणत, महिनाभर येत राहिले. सावधपणाची ही पराकाष्ठाच म्हणावी लागेल. दक्षिणेचे सेनापती बोरेगार्ड यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. २९ मेच्या रात्री रिकामी गाडी स्थानकात आली, की नवी कुमक आल्याप्रमाणे सैनिक जल्लोष करीत; मोर्चांवर लाकडी ओंडक्यांच्या खोट्या तोफा उभ्या होत्या; आणि या गलबल्याआड सारी फौज टुपेलोकडे निघून गेली. उद्या आपल्यावरच हल्ला होणार, असे उत्तरेच्या जनरल पोप यांनी कळवले होते. सकाळी गाव मोकळे सापडले.

त्याच वर्षी ३ व ४ ऑक्टोबरला दक्षिणेने गाव परत जिंकण्याचा प्रयत्न केला. कडक उन्हात झालेली ही लढाई थेट रुळांच्या फुलीपर्यंत पोचली, पण रॉबिनेट तोफमोर्चासमोर कर्नल रॉजर्स आणि त्यांचे अनेक टेक्सासी सैनिक पडले आणि हल्ला मोडला. कॉरिंथ म्हटले की हाच प्रसंग सांगितला जातो. आमच्या मते, त्यानंतर जे घडले ते अधिक मोलाचे आहे.

उत्तरेच्या ताब्यातील या गावाकडे आसपासच्या मळ्यांतून गुलामगिरीतील माणसे बायकामुलांसह पळून येऊ लागली. येथील अधिकारी जनरल डॉज हे मूळचे रेल्वे अभियंते. त्यांनी या लोकांसाठी स्वतंत्र छावणी वसवली आणि पहाऱ्यासाठी त्यांच्यातल्याच पुरुषांच्या हाती बंदुका दिल्या. काळ्या माणसाला शस्त्र देणे उत्तरेच्याही अनेक सैनिकांना रुचणारे नव्हते. पाहता पाहता तंबूंच्या जागी लाकडी घरे, शाळा, प्रार्थनाघर आणि दवाखाना उभा राहिला. ज्या कापसासाठी चाबूक सोसला, तोच कापूस आता ही माणसे छावणीच्या शेतात पिकवत होती, आणि १८६३ च्या मेपर्यंत छावणीला महिन्याला चार-पाच हजार डॉलर नफा होऊ लागला.

त्याच महिन्यात छावणीतील पुरुषांसह सुमारे हजार जणांची काळ्या सैनिकांची पलटण येथे उभी राहिली. डिसेंबरमध्ये छावणी मेम्फिसला हलवण्यात आली आणि जानेवारी १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेनेही कॉरिंथ सोडले. ती पलटण मात्र ५५ वी पलटण म्हणून लढत राहिली. जून १८६४ मध्ये ब्राइसेस क्रॉसरोड्स येथे उत्तरेच्या सैन्याची दाणादाण उडाली, तेव्हा माघार घेणाऱ्यांची पिछाडी सांभाळणाऱ्यांत हेच सैनिक होते.